आत्यांच्या रेघा

माझ्या सासूला मी आत्या म्हणायचे. आमच्या पाटणकडच्या बहुतेक सुना सासूला आत्याच म्हणतात. आत्यांकडून मला काय काय मिळालं हे सांगायला बसले तर कोपरखैरण्याचं घर, घरातली भांडी, ज्वारीची भाकरी फुगवायची रीत, अशा पुष्कळ गोष्टी निघतील. पण ज्या देण्यामुळे माझं पुढचं आयुष्य बदललं, ते लघवीच्या दुखण्याबद्दलचं आहे. चारचौघांत हा विषय काढायचा नसतो असं मला लहानपणापासून शिकवलेलं. आत्या आज असत्या तर म्हणाल्या असत्या, "सांग की गं, त्यात लाज कसली?" त्यांच्या भरवशावर लिहिते आहे.

माझे सासरे माथाडी. आधी मशीद बंदरला पाठीवर पोती वाहायचे, मग धान्याचा बाजार तुर्भ्याला आला तसे ते इकडे आले. पाटण, जावळी, खटावकडची शेकडो घरं अशीच कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत येऊन वसली. आत्याही बाजारात जायच्या. धान्य चाळणं, निवडणं, सांडलेलं गोळा करणं अशी बायकांची कामं असत, ती त्यांनी वीसेक वर्षं केली. त्याआधी गावाकडे पाच बाळंतपणं, आणि प्रत्येक बाळंतपणानंतर महिन्याभरात डोक्यावर भाऱ्याचं ओझं.

मी लग्न होऊन 1998 साली या घरात आले. आमच्या गावाकडच्या घराला संडास नव्हता. बाया पहाटे अंधारात नाहीतर दिवेलागणीनंतर बाहेर जायच्या, मधल्या वेळात धरून ठेवायचं. मुलींना हे कुणी मुद्दाम शिकवत नसे, आईबरोबर राहून आपोआप यायचं. शाळेत मुलींची मुतारी नावालाच होती, म्हणून आम्ही मैत्रिणी सकाळी पाणीच प्यायचो नाही. कोपरखैरण्याच्या घरात दाराला कडी असलेली मोरी आणि संडास पाहिला तेव्हा मला फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं. नवी मुंबईत आलं की हा प्रश्न संपला, असं मी धरून चालले.

वर्षाच्या आत मला तुर्भ्याच्या एमआयडीसी पट्ट्यात एका कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं. आम्ही बायका वरच्या मजल्यावर, आणि बायकांचा एकच संडास खाली पार टोकाला. त्याची चावी सुपरवायझरकडे. चावी मागायची म्हणजे पट्ट्यावरून उठायचं, पुरुषासमोर उभं राहायचं, आणि परत आल्यावर शेजारणीने आपल्या वाटणीचे खोके उचललेले असायचे. कुणी ओरडत नसे. तरी दिवसातून दुसऱ्यांदा चावी मागताना जीभ उचलत नसे. मग जेवणाच्या सुट्टीत दोघी-दोघी जाऊन यायच्या, आणि बाकीचा दिवस बाटलीतलं पाणी तसंच घरी परत आणायचं. फॅक्टरी कायद्यात, म्हणजे 1948 पासून, स्त्री कामगारांसाठी वेगळी आणि स्वच्छ सोय असलीच पाहिजे असं 19 व्या कलमात लिहिलेलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्हाला वाटायचं, चावी दिली हेच उपकार.

दुसऱ्या उन्हाळ्यात मला उन्हाळे लागले. थेंब थेंब लघवी, आग आग, ओटीपोटात कळ, आणि उठून आलं की पुन्हा लागल्यासारखं वाटायचं. आत्यांनी धन्या-जिऱ्याचं पाणी भिजत घातलं, सब्जा दिला. दोन दिवसांनी बरं वाटलं. पुढच्या महिन्यात परत. मग मी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायला लागले. दुकानदाराला नुसतं "जळजळ" म्हटलं की तो पट्टी पुढे करायचा. दोन गोळ्यांत आग थांबली की उरलेल्या मी डब्यात ठेवून द्यायचे, पुढच्या वेळेला होतील म्हणून. असं वर्षभर चाललं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. कामावरच्या मैत्रिणींत मात्र हळूहळू कळत गेलं की आमच्या पट्ट्यावरच्या बहुतेक सगळ्यांच्याच पर्समध्ये तीच पट्टी आहे.

पहिल्या वेळेस दिवस गेले तेव्हा सहाव्या महिन्यात मला हुडहुडी भरून ताप आला. पाठीत, बरगडीखाली एका बाजूला असं दुखायला लागलं की कूस बदलवेना. आत्यांनी अंगाला हात लावला आणि एक शब्द न बोलता रिक्षा आणायला मुलाला पिटाळलं. वाशीच्या दवाखान्यात ज्या डॉक्टरबाई भेटल्या, त्यांचंही माझ्यावर तेवढंच ऋण आहे. त्या फार बोलक्या नव्हत्या, पण पेशंटच्या उशाशी स्टूल ओढून बसायच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तापाचा नव्हता. "दिवसभरात पाणी किती पिता? आणि कामावर लघवीला किती वेळा जाता?" हा प्रश्न त्याआधी मला कोणीच विचारला नव्हता.

संसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत चढला होता. गरोदरपणात असं होणं आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचं. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होऊ शकतात. शिरेतून औषधं दिली, आणि त्याआधी लघवी तपासायला घेतली. लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत कशी धरायची, हे नर्सने मला पडद्याआड उभं राहून समजावलं. मग जंतू वाढवून बघायची तपासणी झाली, तिला दोन दिवस लागले. मी ज्या गोळ्या अर्ध्यामुर्ध्या खात होते, त्यांना माझ्या अंगातला जंतू आता दाद देत नव्हता.

बरं वाटल्यावर डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं. पुरुषाच्या मूत्रमार्गाची लांबी साधारण 20 सेंटीमीटर, बाईच्या मूत्रमार्गाची जेमतेम 4. बाईच्या शरीराची ठेवणच अशी की आतड्यात गुपचूप नांदणारा जंतू एवढंसं अंतर ओलांडून मूत्राशयात पोचतो. त्यात लघवी तासन् तास साठून राहिली की त्याला वाढायला निवांत जागा मिळते. जगातल्या जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो, आणि एकदा झालेल्यांपैकी बऱ्याच जणींना सहा महिन्यांत पुन्हा होतो. "निम्म्या बायका," त्या म्हणाल्या, "आणि प्रत्येकीला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं." आत्या पलंगाच्या पायाशी बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र रोज सकाळी माझ्यासमोर तांब्या ठेवून पाणी संपेपर्यंत उभ्या राहायच्या. स्वतः दोन घोटांच्या वर पाणी पीत नव्हत्या, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, 2018 साली, एक अभ्यास वाचनात आला. ज्यांना वारंवार असा संसर्ग होतो आणि ज्या दिवसाला दीड लिटरपेक्षाही कमी पातळ पदार्थ पितात, अशा 140 तरुण बायका निवडल्या. निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात या बायकांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. दीड लिटर पाणी, म्हणजे कामावरून मी रोज जशीच्या तशी परत आणत असे ती बाटली आणि वर थोडं. तो आकडा वाचला तेव्हा मला आत्यांचा तांब्या आठवला.

मुलगी सुखरूप झाली. चार वर्षांनी मुलगा झाला, नऊ पौंडांचा, आणि कळा दीड दिवस चालल्या. त्यानंतर खोकला आला, शिंक आली, बादली उचलली की कपडे ओले व्हायला लागले. सुरुवातीला वाटलं बाळंतपणाचा अशक्तपणा असेल, सव्वा महिन्यात जाईल. गेला नाही. मी जुन्या सुती साडीच्या घड्या घालून वापरायला लागले. कामावर परत जायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला सांगितलं, पोरं लहान आहेत, घरीच राहते. खरं कारण वासाचं होतं. आठ तास ओल्या घडीवर उभं राहायचं आणि शेजारणीला वास आला तर, या धसक्याने मी महिन्याचा पगार सोडला. वसाहतीतल्या हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. गावाकडे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून डोकं धरून झोपायचे. चार लोकांत हसायचीही भीती, कारण हसलं तरी थेंब जायचा.

या सगळ्याची आत्यांना कल्पना असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या घरात कमी बोलायच्या आणि माझ्याशी थोड्या तुटकच वागायच्या. बाजारातलं काम त्यांनी सोडलं होतं. लग्नाकार्याला जात नव्हत्या, देवळात भजनाला बसत नव्हत्या. गावच्या यात्रेला सासरे एकटे जायचे. माझं लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षीच त्यांनी देवपूजा माझ्याकडे सोपवली होती. शेजारणी म्हणायच्या, सासूने देव तुझ्या हाती दिले, भाग्याची आहेस. मलाही तसंच वाटायचं.

एका दुपारी मी गच्चीवर दोरीच्या पार आतल्या कोपऱ्यात, चादरीच्या आड, त्या साडीच्या पट्ट्या वाळत घालत होते. आत्या जिना चढून वर आल्या. चढताना त्यांना त्रास व्हायचा, म्हणून त्या सहसा वर येत नसत. त्यांनी चादर बाजूला केली, एक पट्टी हातात घेऊन बघितली. घडी घालून चार पदर, कडेला धावदोरा.

"शिलाई जाड पडली," त्या म्हणाल्या. "मांडीला काचंल. मी आतल्या बाजूनं घालते."

मला कळेना काय बोलावं. त्या तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसल्या.

"सूनबाई, माझंबी असंच हाय. धाकटा झाला तवापासनं. आता तर अंगबी बाहेर येतंय. बसलं की टोचतंय, चाललं की उतरतंय." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "देवाला हात लावावासा वाटंना मला. ओल्या अंगानं कशी पूजा करू? म्हणून तुझ्याकडं दिली."

त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. इतकी वर्षं या बाईने नवऱ्याला, मुलींना, बहिणीला, कुणालाही हे सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते स्वतःसाठी नाही. "तुझं वय काय गं," त्या म्हणाल्या, "तू माझ्यासारखी घरात बसू नगंस. उद्या त्या डॉक्टरबाईकडं जाऊ. मीबी दाखवते, म्हंजी तुला लाज वाटायची न्हाई."

इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला थांबावं लागतं. माझी लाज जावी म्हणून त्यांनी आपली लाज आधी उघडी केली. असं माझ्यासाठी त्याआधी कुणी केलं नव्हतं.

एवढी वर्षं डॉक्टरकडे का गेला नाहीत, असं मी त्यांना रिक्षात विचारलं. त्यांचं उत्तर साधं होतं. गावाकडे अंग बाहेर येतंय म्हणून जी बाई दवाखान्यात गेली, तिची पिशवी काढून टाकली. मग महिनाभर वजन उचलायचं नाही, घरातलं कोण करणार, आणि पैसे कुठून आणणार? त्यांच्या दोन जावांचं असं झालं होतं. ही भीती निव्वळ अडाणीपणाची नव्हती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. बाईच्या ओटीपोटातल्या कुठल्याही तक्रारीला एकच उत्तर मिळत गेलं, तर बाया तक्रार करायच्याच बंद होतात. आत्या त्यांपैकीच एक होत्या.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना एकत्रच आत घेतलं. तपासलं, आणि लगेच औषध न देता एक काम दिलं. तीन दिवस, दिवसरात्र, किती पाणी प्यालं, किती वेळा लघवीला गेलं, कधी गळली, ते लिहून आणायचं. आत्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं, दुधाचा हिशेब लिहितो त्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने खुणा सुरू केल्या. लघवीला गेलं की उभी रेघ. कपड्यात झालं की गोल. पाण्याचा पेला प्याला की टिंब. रात्रीच्या रेघा त्या अंधारातच ओढायच्या, म्हणून त्या तिरक्या जाऊन शेजारच्या तारखेत शिरल्या होत्या. तीन दिवसांनी कागद बघितला तर रेघा इतक्या दाट की चौकट काळी दिसत होती, आणि टिंबं अगदी तुरळक.

डॉक्टरबाई तो कागद बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी आत्यांना जे सांगितलं त्याने आमच्या दोघींच्या डोक्यातली गणितं उलटीपालटी झाली. पाणी कमी प्यायलं की लघवी कमी होईल आणि गळणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पण पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला डिवचते, आणि मग जराशी साठली तरी जोराची लागते. त्यात आत्या घरातून निघताना, जेवायला बसताना, झोपताना, "उगाच नंतर लागायला नको" म्हणून जाऊन यायच्या. निरोगी मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर सहज मावतं, पण सारखं रिकामं करत राहिलं की त्याला थोडक्यावरच बोंब मारायची सवय लागते. आणि पाळी गेल्यावर शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं, आतलं अस्तर पातळ पडतं, त्यानेही जळजळ आणि घाई वाढते.

माझा प्रकार वेगळा होता. खोकताना, वजन उचलताना पोटात जो दाब येतो तो पेलणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात सैल झाले होते. त्यांना व्यायाम द्यायचा. अर्नॉल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरांनी 1948 साली तो लिहून ठेवला, आणि आजही या दुखण्यात पहिला उपाय म्हणून जगभर हाच सांगतात. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळायचे, पाच-दहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. एका वेळी आठ-दहा खेपा, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण नेमका स्नायू सापडेपर्यंत मला पंधरवडा लागला असेल.

आत्यांची पिशवी खाली उतरली होती. त्यांना डॉक्टरबाईंनी आत बसवायची एक लवचिक रिंग दिली. ती खाली आलेला भाग वर तोलून धरते. काही महिन्यांनी काढून, धुऊन, आत जखम नाही ना ते बघून परत बसवावी लागते. ऑपरेशनची गरज पडली तर पुढे बघू, असं त्या म्हणाल्या. रिंग बसवून आत्या टेबलावरून उतरल्या, खोलीत चार पावलं चालल्या, परत चालल्या. "न्हाई टोचत," एवढंच म्हणाल्या. डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी लावायचं मलम लिहून दिलं.

ते तीन महिने आमच्या घरात दोघींचं एक गुपित चालू होतं. दुपारी तांदूळ निवडताना आत्या हळूच म्हणायच्या, "धर." मी धरायचे. त्या आकडे मोजायच्या. "सोड." लघवीची घाई झाली की लगेच उठायचं नाही, आधी थोडं लांबवायचं, मग दर आठवड्याला आणखी थोडं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. आत्यांना घड्याळ पटत नव्हतं, त्यांनी हरिपाठाच्या अभंगांवर वेळ मोजला. आधी एक अभंग संपेपर्यंत थांबायचं, मग दोन. कालनिर्णयाच्या पानांवर रेघा विरळ होत गेल्या, टिंबं वाढली, गोल कमी झाले. माझे गोल सहा महिन्यांत जवळजवळ गेले. आत्यांचे पुरते गेले नाहीत, पण आठवड्याला एखादाच राहिला.

एका एकादशीला मी आंघोळ करून देव्हाऱ्याशी गेले तर देव धुऊन, गंध लावून झाले होते. आत्या माळ ओढत बसल्या होत्या. त्यानंतर पूजा त्यांच्याकडेच राहिली.

मी परत कामाला लागले, दुसऱ्या एका कारखान्यात. पहिल्याच आठवड्यात बायकांच्या संडासाची चावी कुठे असते ते विचारलं. ती लाइनवरच्या खिळ्याला टांगायची, पुरुषाकडे मागायची नाही, एवढी एक मागणी आम्ही बायकांनी मिळून केली. ती मान्य झाली. मी पुढे होऊन काही विशेष केलं असं नाही. चावी मागायला तोंड उघडायचं बळ मला गच्चीवर मिळालं होतं.

आत्या मात्र फार पुढे गेल्या. वसाहतीत कुणाची सून बाळंत झाली की त्या बघायला जायच्या, बाळाच्या हातावर दहाची नोट ठेवायच्या, आणि बाकीच्या बायका चहाला आत गेल्या की सुनेला विचारायच्या, "खोकताना गळतंय का गं?" सुरुवातीला पोरी दचकायच्या. मग संध्याकाळी जिन्यात एकेक जण त्यांना गाठायला लागली. त्या कुणाला औषध सांगत नसत. कागदावर रेघ, गोल, टिंब काढून दाखवायच्या आणि डॉक्टरकडे धाडायच्या. मला तेव्हा कळायला लागलं की आमच्या जिन्यातली क्वचितच एखादी खोली असेल जिथे हे दुखणं नाही. जगभरातल्या पाहण्या सांगतात की प्रौढ बायकांपैकी निदान चौघींत एकीची लघवी कधी ना कधी गळते. आमच्या वसाहतीत ते मोजायला पाहणी लागली नाही, आत्यांचा जिना पुरला.

गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी करून 1989 साली जो अभ्यास छापला, त्याबद्दल मला डॉक्टरबाईंनीच सांगितलं. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. ते सगळे आजार लघवीचे नव्हते. पण दुसरा आकडा माझ्या मनात रुतून बसला. आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. उरलेल्या 92 टक्के बायका आपापल्या घरात आत्यांसारख्याच गप्प बसलेल्या असणार.

पुढे माझ्या लक्षात आलं की हे बोलायचं धाडस करणाऱ्या बायका आमच्या आसपासच होत्या. खाडीपलीकडे मुंबईत 2011 पासून कोरो आणि इतर संघटनांच्या बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. मुमताज शेख, सुप्रिया सोनार यांच्यासारख्या कार्यकर्त्या वस्त्यावस्त्यांतून मुताऱ्या बघत फिरल्या. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे का, हा त्यांचा पहिला साधा प्रश्न. त्यांना लोक हसले, तरी त्यांनी मोहिमेचं नाव बदललं नाही. इकडे पुण्यात विद्या बाळांनी सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर 2015 मध्ये न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर, बाजारात बायकांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृह असणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि राज्यातल्या महापालिकांनी त्यासाठी योजना आखावी. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांची 'पेण्कूट्टू' ही संघटनाही सुरू झाली ती मुतारीच्याच मागणीवरून. त्यांच्या लढ्यातून पुढे 2018 साली तिथे दुकानातल्या नोकरांना कामावर बसायचा हक्क कायद्याने मिळाला.

न्यायालयाची ती बातमी मी आत्यांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. "जज्जसायबांनी लघवी असं म्हटलं?" त्यांनी विचारलं. म्हटलं असेलच की, आत्या. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मग आपण कशाला दबून बोलायचं?"

पुढच्या चैत्रात आम्ही सगळे गावच्या यात्रेला निघालो. कितीतरी वर्षांनी आत्या एसटीत बसल्या होत्या. वाशीला गाडीत चढण्याआधी त्या माझ्यासमोर पेलाभर पाणी प्याल्या आणि बाटली भरून जवळ घेतली. पुणं मागे पडलं. खंबाटकीच्या अलीकडे त्या उठल्या, दांडीला धरून पुढे गेल्या आणि कंडक्टरला मोठ्याने म्हणाल्या, "दादा, पंपावर गाडी थांबवा. बायकांना लघवीला जायाचंय."

पुढच्या बाकांवरची दोन पोरं हसली. कंडक्टर म्हणाला, "आजी, साताऱ्याला थांबणारच आहे की." आत्या जागच्या हलल्या नाहीत. "साताऱ्यापतूर माझं वय न्हाई राहिलं," त्या म्हणाल्या. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि गाडी बाजूला घेतली.

आत्यांच्या मागून मी उतरले. मग मागच्या बाकावरची लेकुरवाळी उतरली, तिच्यामागून तिची आई, मग कॉलेजच्या दोन मुली, मग हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी हात पुढे करून, मला धरा गं कुणीतरी म्हणत. पंपाच्या मागच्या बाजूला आमची चांगली मोठी रांग लागली. परत गाडीत आल्यावर ती म्हातारी आत्यांच्या शेजारी येऊन बसली. उंब्रजला ती उतरली तोवर दोघींचं बोलणं संपलं नव्हतं, आणि आत्यांनी तिच्या तिकिटाच्या मागे माझ्या पेनाने एक रेघ, एक गोल आणि एक टिंब काढून दिलं होतं.